मैदानावरची स्पॅनिश इंग्रजीत आणताना

स्पॅनिश वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर असं एखादं वाक्य हमखास सापडतं: 'त्रास उना पारेद एन ला फ्रोंताल, मार्को पोर ला एस्क्वाद्रा.' शब्दकोश घेऊन एकेक शब्द लावत गेलं तर अर्थ निघतो तो असा: 'दर्शनी भागातल्या एका भिंतीनंतर त्याने गुण्यातून खूण केली.' प्रत्येक शब्दाचा कोशातला अर्थ बरोबर, पण मैदानात काय झालं ते कुणालाच कळणार नाही. झालं होतं ते अगदी साधं. पेनल्टी बॉक्सच्या कडेला दोन खेळाडूंनी चेंडूची झटकन देवघेव केली आणि त्यातल्या एकाने तो गोलच्या वरच्या कोपऱ्यात घातला. सहकाऱ्याकडे मारलेला चेंडू भिंतीवर आपटल्यासारखा लगेच परत येतो, म्हणून ती 'पारेद', म्हणजे भिंत. गोलचा खांब आणि वरची आडवी दांडी जिथे काटकोनात मिळतात तो कोपरा म्हणजे 'एस्क्वाद्रा', सुताराचा गुण्या. इंग्रजीत या दोन गोष्टींना 'वन-टू' आणि 'टॉप कॉर्नर' म्हणतात.

स्पॅनिश फुटबॉल आपल्यापर्यंत बहुतेक वेळा इंग्रजीतूनच येतो. ला लिगा या स्पेनच्या अव्वल साखळी स्पर्धेच्या बातम्या, खेळाडूंच्या बदल्या, प्रशिक्षकांच्या मुलाखती कुणीतरी आधी स्पॅनिशमधून इंग्रजीत आणलेल्या असतात आणि मग आपण त्यावर मराठीत वाद घालतो. गोव्यात तर हा मामला घरचाच आहे. सर्जिओ लोबेरा २०१७ ते २०२० एफसी गोवाचे प्रशिक्षक होते, फेरान कोरोमिनासने तिथे लागोपाठ दोन हंगाम इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये, सर्वाधिक गोल केले, आणि पुढे लोबेरांनीच मुंबई सिटीला २०२०-२१चं विजेतेपद मिळवून दिलं. म्हणून हा अनुवाद कसा होतो, कुठे फसतो आणि का फसतो, हे समजून घेणं आपल्यालाही उपयोगाचं आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं: खेळातल्या शब्दाचा अर्थ तीन गोष्टींवरून ठरतो. खेळ कोणता, शब्द कोणत्या देशातला, आणि वाचणारा कुठला. या तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय अनुवादकाने पहिला शब्दही लिहू नये.

रोजचे शब्द, मैदानावरचे अर्थ

सर्वात जास्त घात करतात ते सोपे शब्द. अवघड शब्द दिसला की माणूस थांबतो आणि शोधाशोध करतो. सोपा शब्द दिसला की तो माहीत आहे असं समजून पुढे जातो.

'फाल्ता' घ्या. अर्थ: नियमभंग, फाउल. पण 'मार्को दे फाल्ता' असं वाचलं आणि 'त्याने फाउल करून गोल केला' असं लिहिलं, तर खेळाडूवर नसता आरोप होतो. त्याने फ्री किकवर गोल केलेला असतो. नियमपुस्तकात फ्री किकला 'तिरो लिब्रे' असा वेगळा शब्द आहे, पण बातमीत आणि बोलण्यात 'फाल्ता' हाच शब्द फाउललाही चालतो आणि त्याबद्दल मिळालेल्या किकलाही. त्याच वाक्यातलं 'मार्कार' हे क्रियापदही दुहेरी आहे. गोल करणं म्हणजे मार्कार, आणि प्रतिस्पर्ध्याला चिकटून राहून त्याला मोकळं होऊ न देणं म्हणजेही मार्कार. पहिल्या अर्थाने इंग्रजीत 'स्कोअर' लागतं, दुसऱ्या अर्थाने 'मार्क'. बचावपटूबद्दलच्या वाक्यात हे क्रियापद आलं की त्याच्यापुढे काय आहे ते बघावंच लागतं: गोल आहे की माणूस.

फ्री किक घेताना बचाव करणारे खेळाडू ओळीने उभे राहतात, त्याला इंग्रजीत 'वॉल' म्हणतात. साहजिकच वाटेल की स्पॅनिशमध्ये हीच 'पारेद' असणार. तसं नाही. पारेद ही दोघांतली देवघेव, आणि खेळाडूंची ती रांग म्हणजे 'बार्रेरा', म्हणजे अडथळा. मग पारेद दिसली की 'वॉल' लिहायचं नाही आणि बार्रेरा दिसली की 'वॉल'च लिहायचं, असा उलटा हिशोब ठेवावा लागतो.

'सेगुंदो पालो' म्हणजे शब्दशः दुसरा खांब. कुणाच्या दृष्टीने दुसरा? चेंडू जिकडून येतोय तिकडून मोजायचं, म्हणजे लांबचा खांब. इंग्रजीत 'फार पोस्ट'. पहिला तो 'निअर पोस्ट'. आणि 'पासे दे ला मुएर्ते', मृत्यूचा पास, ऐकायला भयंकर आहे. प्रत्यक्षात गोलरेषेजवळ पोचून मागे, गोलच्या तोंडासमोर दिलेला पास. समोरून धावत येणाऱ्याला फक्त पाय लावायचा असतो आणि गोलरक्षकाचं काही चालत नाही, म्हणून मृत्यू. इंग्रजी त्याला कोरडेपणाने 'कटबॅक' म्हणते. इथे माझा जीव थोडा हळहळतो. पण सामन्याच्या वृत्तांतात कटबॅकच लिहावं. ललित लेखात मात्र मृत्यूचा पास ठेवून एका वाक्यात त्याचा खुलासा करायला काहीच हरकत नाही.

कोण कुणाचा कोण

पदांच्या नावांत चूक झाली की बातमीच चुकते. स्पेनच्या राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाला 'सेलेक्सिओनादोर' म्हणतात. २०१०चा विश्वचषक जिंकणारे व्हिसेंते देल बोस्के सेलेक्सिओनादोर होते, २०२४चा युरो चषक जिंकणारे लुईस दे ला फुएंतेही. शब्द इतका ओळखीचा वाटतो की 'सिलेक्टर' लिहिण्याचा मोह होतो, आणि आपल्यासारख्या क्रिकेटवेड्या वाचकाला तर लगेच निवड समितीच आठवेल. इंग्रजीत तिथे 'हेड कोच' किंवा 'मॅनेजर' हवं. राष्ट्रीय संघालाच 'सेलेक्सिओन' म्हणतात, आणि त्या संघाला घडवणारा तो सेलेक्सिओनादोर, इतकंच.

लॅटिन अमेरिकेत याच माणसाला 'दिरेक्तोर तेक्निको' म्हणतात, लिहिताना नुसतं 'डीटी'. २०२२ मध्ये अर्जेंटिनाला विश्वविजेतं करणारे लिओनेल स्कालोनी हे डीटी. याचं 'टेक्निकल डायरेक्टर' केलं तर पद पूर्ण बदलतं, कारण इंग्रजी फुटबॉलमध्ये टेक्निकल डायरेक्टर हा खेळाडूंची खरेदी, अकादमी आणि दूरचं नियोजन बघणारा वेगळाच अधिकारी असतो. एखाद्या क्लबने डीटीला काढलं अशी बातमी असेल, तर इंग्रजीत भलत्याच माणसाची नोकरी जाते.

'आर्बित्रो' या शब्दाची गंमत मराठी वाचकाला चटकन कळेल, कारण आपला 'पंच' अगदी तसाच आहे. फुटबॉल असो, क्रिकेट असो, कुस्ती असो, आपल्याला पंच एकच. इंग्रजीला मात्र खेळाप्रमाणे माणूस वेगळा लागतो: फुटबॉलमध्ये रेफरी, बेसबॉलमध्ये अंपायर, टेनिसमध्ये उंच खुर्चीवर बसणारा चेअर अंपायर. त्यामुळे वाक्य फुटबॉलचं आहे की टेनिसचं, हे माहीत नसताना आर्बित्रोचा अनुवाद होऊच शकत नाही. मैदानाचंही तेच. 'कांचा' हा मूळचा केचुआ भाषेतला शब्द, कुंपण घातलेली जागा. इन्का लोकांच्या मुलखातून तो स्पॅनिशमध्ये आला. त्यासाठी इंग्रजीत फुटबॉलला ब्रिटनमध्ये 'पिच', अमेरिकेत 'फील्ड', आणि टेनिस-बास्केटबॉलला 'कोर्ट'.

'कोन्सेंत्रासिओन' म्हणजे संघाचं सराव शिबिर किंवा सामन्याआधी हॉटेलात एकत्र राहणं. 'एकाग्रता सोडून खेळाडू घरी गेला' असं काही लिहिलेलं दिसलं, तर मूळ शब्द हा होता असं समजावं.

आता क्लबच्या कारभाराकडे येऊ, कारण इथे शब्दामागे कायदा उभा आहे. रेआल माद्रिद, बार्सिलोना, अॅथलेटिक क्लब आणि ओसासुना हे चार क्लब त्यांच्या सभासदांच्या मालकीचे आहेत. १९९०च्या क्रीडा कायद्याने बाकीच्या व्यावसायिक क्लबांना कंपनी व्हायला लावलं, तेव्हा हे चार सुटले. या क्लबचा सभासद म्हणजे 'सोसिओ'. कोशात सोसिओचा अर्थ भागीदार असाही दिलेला असतो, पण सोसिओकडे समभाग नसतात, मत असतं. म्हणून इंग्रजीत 'मेंबर'. सोसिओ ज्याला निवडून देतात तो 'प्रेसिदेंते', आणि त्याला 'प्रेसिडेंट'च ठेवावं. इंग्लंडच्या सवयीने 'चेअरमन' लिहिलं, किंवा त्याहून वाईट म्हणजे 'ओनर', तर निवडणुकीची सगळी गोष्टच नाहीशी होते.

'क्लाउसुला दे रेसिसिओन'चा घोळ सर्वात मोठा. इंग्रजी वर्तमानपत्रं सर्रास 'रिलीज क्लॉज' लिहितात. इंग्लंडमध्ये रिलीज क्लॉज म्हणजे दुसऱ्या क्लबने अमुक रकमेचा देकार दिला की आपला क्लब तो मान्य करील, असा करारातला शब्द. स्पेनमध्ये पाया वेगळा आहे. व्यावसायिक खेळाडूंच्या नोकरीबद्दलचा १९८५चा शाही हुकूमनामा, क्रमांक १००६, सांगतो की खेळाडू स्वतःच्या इच्छेने करार मोडू शकतो, पण क्लबला भरपाई द्यावी लागेल. ती रक्कम करारातच आधी लिहून ठेवायची पद्धत पडली. आपला चांगला खेळाडू जाऊ नये म्हणून क्लब ती अवाच्या सवा लिहितात. म्हणजे कागदोपत्री करार मोडणारा खेळाडू असतो, आणि पैसेही त्याच्याच नावाने भरले जातात. २०१७च्या ऑगस्टमध्ये नेमार बार्सिलोना सोडून पॅरिसला गेला तेव्हा त्याच्या वकिलांनी २२.२ कोटी युरो बार्सिलोनाच्या कार्यालयात जमा केले ते याच नियमाने. बार्सिलोनाने त्याला विकलं नव्हतं. तो करारातून स्वतःला सोडवून निघाला होता. इंग्रजीत 'बायआउट क्लॉज' हा शब्द याच्या जवळ जातो. मी असते तर पहिल्यांदा तो वापरून कंसाविना एक वाक्य खुलाशाचं लिहिलं असतं आणि मगच पुढे गेले असते. स्पॅनिश खेळाडूची किंमत म्हणून छापलेले डोळे विस्फारायला लावणारे आकडे वाचताना आपणही हे लक्षात ठेवावं: ती बाजारातली किंमत नसते, दाराला लावलेलं कुलूप असतं.

कुठली स्पॅनिश?

स्पॅनिश वीसहून अधिक देशांत बोलली जाते आणि प्रत्येक देशात फुटबॉलची बोली निराळी आहे. गोलरक्षक स्पेनमध्ये 'पोर्तेरो', अर्जेंटिनात 'आर्केरो'. पेनल्टी स्पेनमध्ये 'पेनाल्ती', अटलांटिकपलीकडे 'पेनाल'. इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द येतो, त्यामुळे यात फारसा धोका नाही.

धोका 'पालोमिता'मध्ये आहे. शब्दाचा अर्थ छोटं कबूतर. स्पेनमध्ये गोलरक्षकाने हवेत झेप घेऊन केलेला देखणा बचाव म्हणजे पालोमिता. अर्जेंटिनात पुढे सूर मारून डोक्याने मारलेला गोल म्हणजे पालोमिता, इंग्रजीत 'डायव्हिंग हेडर'. एक गोल वाचवतो, दुसरा गोल करतो! अर्जेंटिनातल्या रोसारियो शहरात तर एका पालोमिताची जयंती साजरी होते. १९ डिसेंबर १९७१ रोजी आल्दो पोयने रोसारियो सेंत्रालकडून खेळताना त्याच शहरातल्या न्यूवेल्स ओल्ड बॉइजविरुद्ध असा गोल केला. सेंत्रालचे चाहते दरवर्षी त्या दिवशी तो गोल पुन्हा करून दाखवतात. माद्रिदमध्ये शिकलेल्या अनुवादकाने हे वर्णन वाचून 'गोलरक्षकाचा बचाव' लिहिलं, तर अख्ख्या शहराचा सण उलटा होईल.

हवेत उलटं होऊन डोक्यावरून मारलेली किक जगभर 'बायसिकल किक' म्हणून ओळखली जाते. स्पॅनिशमध्ये ती 'चिलेना', म्हणजे चिलीची. चिलीवाले तिचं श्रेय रामोन उन्सागाला देतात. पेरूत मात्र तिला 'चालाका' म्हणतात, म्हणजे लिमाजवळच्या काल्याओ बंदराची. पेरूच्या मते ही किक तिथे जन्मली. इंग्रजीत बायसिकल किक लिहिलं की हा दोन शेजाऱ्यांचा वाद पुसला जातो. साध्या वृत्तांतात ते चालेल. पण पेरूचा खेळाडू मुद्दाम चालाका म्हणत असेल, तर तो शब्द ठेवायला हवा, कारण तो नुसतं किकचं नाव घेत नाही, हक्क सांगतोय.

देशाचा संदर्भ सुटला की किती महागात पडतं याचं अलीकडचं उदाहरण खेळाच्या शब्दाचं नाही, खेळाडूच्या शब्दाचं आहे. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये मँचेस्टर युनायटेडच्या एदिन्सन कावानीने साउदॅम्प्टनविरुद्ध दोन गोल केल्यावर इन्स्टाग्रामवर एका मित्राचे आभार मानताना 'नेग्रितो' असं म्हटलं. शब्दशः 'छोटा काळा'. उरुग्वेत हे जिव्हाळ्याचं संबोधन म्हणून वापरलं जातं आणि तिथल्या राष्ट्रीय भाषा अकादमीने तसं जाहीरपणे सांगितलं. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने मात्र तो शब्द जिथे वाचला गेला तिथल्या कानांनी ऐकला आणि कावानीला तीन सामन्यांची बंदी व एक लाख पौंड दंड केला. कोण बरोबर हे ठरवणं अनुवादकाचं काम नाही. पण शब्द उरुग्वेत काय करतो आणि मँचेस्टरमध्ये काय करतो, या दोन्ही गोष्टी वाचकासमोर ठेवणं हे त्याचंच काम आहे.

गेलेले आणि परत आलेले शब्द

मुळात फुटबॉल स्पेनमध्ये इंग्रजीतूनच आला. उएल्वाचा रेक्रेआतिवो हा क्लब १८८९चा, रिओ तिंतोच्या खाणींसाठी आलेल्या ब्रिटिश मंडळींच्या पुढाकाराने निघालेला. खेळाबरोबर शब्दही आले: गोल, कॉर्नरचा 'कोर्नेर', शूटचं 'चुतार', अर्जेंटिनात ऑफसाइडचं 'ओरसाई'. १९०८ मध्ये पत्रकार मारियानो दे काव्हियाने फुटबॉलसाठी 'बालोम्पिए' हा घडीव स्पॅनिश शब्द सुचवला: चेंडू आणि पाय. तो लोकांच्या तोंडी रुळला नाही, सेव्हिलच्या रेआल बेतीस बालोम्पिएसारख्या काही क्लबांच्या नावात तेवढा राहिला. पण त्याच साच्यातले हँडबॉलचा 'बालोनमानो' आणि बास्केटबॉलचा 'बालोन्सेस्तो' स्पेनमध्ये आजही रोजच्या वापरात आहेत. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने १९४१ मध्ये क्लबांच्या परकी नावांवर बंदी घातली, तेव्हा बिल्बाओच्या 'अॅथलेटिक'ला 'आत्लेतिको' व्हावं लागलं. १९७२ मध्ये त्यांनी जुनं इंग्रजी नाव परत घेतलं. म्हणून 'अॅथलेटिक' बिल्बाओचा आणि 'आत्लेतिको' माद्रिदचा; इंग्रजीत दोन्ही एकाच पद्धतीने लिहिणं म्हणजे हा इतिहास विसरणं.

परत येणाऱ्या शब्दांचा रस्ता सरळ नसतो. स्पेनमधले खेळाडू प्रशिक्षकाला 'मिस्तेर' म्हणतात. इंग्रजीतूनच गेलेला शब्द, पण इंग्रजीत परत आणताना 'मिस्टर' लिहून चालत नाही. इंग्लिश खेळाडू त्या जागी 'गॅफर' किंवा 'बॉस' म्हणेल. ब्वेनोस आयरेसच्या रिव्हर प्लेट क्लबचं नाव तर 'रिओ दे ला प्लाता' या नदीचं जुनं इंग्रजी भाषांतर आहे. ते आहे तसंच ठेवायचं.

काही शब्द इंग्रजीने न बदलता उचलले. पाय दुसऱ्या पायामागून फिरवून मारलेली 'राबोना'. २००६च्या विश्वचषकात समालोचक आंद्रेस मोन्तेसमुळे घरोघरी पोचलेलं 'टिकी-टाका', म्हणजे छोट्या छोट्या पासांचा खेळ. ८ मार्च २०१७ रोजी बार्सिलोनाने पहिल्या सामन्यातली ४-० अशी पिछाडी भरून काढत पॅरिस सेंट-जर्मेन क्लबला ६-१ हरवलं, त्यानंतर इंग्रजी मथळ्यांत सहज दिसू लागलेली 'रेमोंतादा'. माझा नियम असा की वाचक तो शब्द आधीच वापरत असेल तर ठेवावा, नसेल तर तो ठेवल्याने काही जास्तीचं मिळतंय का ते पाहावं. 'पिचीची' हे चांगलं उदाहरण. अॅथलेटिक क्लबच्या राफाएल मोरेनो या गोलंदाज नव्हे, गोलकर्त्याचं हे टोपणनाव. ला लिगात सर्वाधिक गोल करणाऱ्याला 'मार्का' हे दैनिक त्याच्या नावाचा करंडक देतं. त्या करंडकाबद्दल लिहिताना पिचीची ठेवायचाच. पण स्पॅनिश पत्रकार 'प्रीमियर लीगचा पिचीची' असंही लिहितात. तिथे करंडकाचा काही संबंध नसतो. इंग्रजीत नुसतं 'टॉप स्कोअरर'.

'गोल ओलिंपिको'ला मात्र खुलासा लागतोच. २ ऑक्टोबर १९२४ रोजी अर्जेंटिनाच्या सेसारेओ ओन्सारीने उरुग्वेविरुद्ध कॉर्नर किक थेट गोलमध्ये घातली. उरुग्वे त्याच वर्षी ऑलिंपिक विजेता झाला होता, म्हणून विजेत्यांवर केलेला हा गोल 'ऑलिंपिक' ठरला, आणि तेव्हापासून थेट कॉर्नरवरून झालेला प्रत्येक गोल ऑलिंपिक. इंग्रजीत नुसतं 'ऑलिंपिक गोल' लिहिलं तर वाचक स्पर्धा शोधत बसेल.

आणखी एक सवय सांभाळावी लागते. एकाच लेखात तेच नाव पुन्हा पुन्हा घेणं स्पॅनिश पत्रकाराला आवडत नाही. मेस्सी दुसऱ्या ओळीत 'रोसारिनो' होतो, रोसारियोचा म्हणून. नदाल 'मानाकोरचा' होतो, पुढे 'बालेआर' होतो, कारण मायोर्का बेट बालेआर द्वीपसमूहातलं. आत्लेतिको माद्रिद म्हणजे 'कोल्चोनेरो', गादीवाले, कारण त्यांच्या जर्सीचे लाल-पांढरे पट्टे जुन्या गाद्यांच्या कापडासारखे. हे सगळं जसंच्या तसं इंग्रजीत आणलं तर एका खेळाडूचे चार खेळाडू होतात. इथे अनुवादकाने निःसंकोच नाव लिहावं, फार तर सर्वनाम.

सायकल, बेसबॉल, पॅडेल

सायकल शर्यतीत एक विलक्षण गोष्ट घडते: स्पॅनिशमधून इंग्रजीत जाताना पुष्कळदा फ्रेंचमध्ये जावं लागतं. या खेळाची इंग्रजी शब्दसंपदा टूर द फ्रान्सने घडवलेली आहे. घोळक्याला इंग्रजीतही 'पेलोटाँ'च म्हणतात. शेवटच्या क्रमांकावरच्या सायकलपटूला स्पॅनिशमध्ये 'फारोलियो रोहो' म्हणतात, छोटा लाल कंदील. इंग्रजी लेखात तो 'लाँतेर्न रूज' होतो. आडव्या वाऱ्यात सायकलपटू तिरक्या रांगा धरतात त्या स्पॅनिशमध्ये 'आबानिको', म्हणजे पंखे, इंग्रजीत 'एशेलॉन'. 'पुएर्तो' म्हणजे बंदर हे पहिल्याच धड्यात शिकवतात, पण व्हुएल्ता या स्पेनच्या सायकल शर्यतीच्या बातमीत पुएर्तो म्हणजे घाट. डोंगरात बंदर कसं, असा प्रश्न स्वतःला विचारला तरी ही चूक टळते. आणि 'पाहारा', म्हणजे मादी पक्षी, ही सायकलपटूची ती अवस्था जिथे अंगातली साखर संपते आणि पाय अचानक चालेनासे होतात. इंग्रजीत 'बॉन्क'.

बेसबॉलमध्ये दिशा अमेरिकेकडे वळते. क्युबा, डॉमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएला इथला बेसबॉल हा तिथल्या लोकांचा जीव आहे आणि त्याची भाषा रंगेल आहे. मैदानाच्या दूरच्या भागात उभा राहणारा 'जार्दिनेरो', म्हणजे माळी. दुसऱ्या बेसवरचा 'कामारेरो', म्हणजे वेटर. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला शॉर्टस्टॉप म्हणजे 'तोर्पेदेरो'. होम रनचं झालं 'होनरोन'. हे इंग्रजीत नेताना माळी आणि वेटर मागे सोडावेच लागतात, कारण अमेरिकन वाचकाकडे आउटफिल्डर आणि सेकंड बेसमन आधीपासून आहेत. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये स्पॅनिश बोलणारे खेळाडू इतके आहेत की २०१६ पासून प्रत्येक संघाला स्पॅनिश दुभाषी ठेवणं बंधनकारक झालं. त्याआधी अनेक तरुण खेळाडू सामन्यानंतर माध्यमांसमोर तोडक्यामोडक्या इंग्रजीत बोलत आणि बुद्धीने कमी समजले जात. तो अन्याय होता, आणि चांगल्या दुभाष्याने तो पुष्कळ कमी केला.

टेनिसमध्ये दोन खड्डे लक्षात ठेवावेत. 'एन्सालादेरा', सॅलडचं भांडं, म्हणजे डेव्हिस चषक. आणि 'मुएर्ते सुबिता', अचानक मृत्यू, म्हणजे टायब्रेक. इंग्रजी 'सडन डेथ' तिथे चालत नाही.

पॅडेलमध्ये उलटंच झालंय. भिंतींनी वेढलेल्या कोर्टवरचा हा रॅकेटचा खेळ १९६९ मध्ये मेक्सिकोतल्या आकापुल्कोला एन्रिके कोर्कुएराने शोधला, स्पेन-अर्जेंटिनात वाढला, आणि आता मुंबई-पुण्यातही त्याची कोर्ट आहेत. इंग्रजीत यासाठी शब्दच नव्हते, म्हणून 'बान्देहा' आणि 'बीबोरा' हे फटके इंग्रजीतही त्याच नावाने खेळले जातात. पहिला म्हणजे हातावर ट्रे धरावा तसा, दुसरा म्हणजे विषारी साप. स्मॅश मारलेला चेंडू टप्पा घेऊन बाजूच्या तीन मीटर उंच भिंतीवरून बाहेर गेला तर 'पोर त्रेस', म्हणजे तीनवरून, मागच्या चार मीटर उंच भिंतीवरून गेला तर 'पोर क्वात्रो', चारवरून. यांचं भाषांतर करत बसणारा अनुवादक खेळाडूंना परका वाटेल.

पडताळायचं कसं

सर्वात भरवशाची गोष्ट म्हणजे तोच मजकूर दोन्ही भाषांत वाचणं. फुटबॉलचे नियम ठरवणारं आंतरराष्ट्रीय मंडळ नियमपुस्तक इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिशमध्ये काढतं, आणि मतभेद झाला तर इंग्रजी मजकूर प्रमाण मानला जातो. दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या की नियमांचे शब्द पक्के होतात. बोलीभाषेसाठी मात्र त्याच सामन्याचा माद्रिदचा आणि लंडनचा वृत्तांत वाचावा, आणि जमलं तर तो प्रसंग चित्रफितीत पाहावा. पारेद एकदा डोळ्यांनी पाहिली की शब्दकोश लागत नाही. आकडेही तपासावेत: स्पेनमध्ये दशांशाच्या जागी स्वल्पविराम असतो, म्हणून १,९३ म्हणजे एक मीटर त्र्याण्णव सेंटिमीटर, आणि अमेरिकन वाचकासाठी तीही उंची फूट-इंचांत न्यावी लागते.

एवढं करूनही काही वाक्यं घटनेकडे बघून सुटत नाहीत. २२ जून १९८६ रोजी मेक्सिको सिटीच्या अॅझटेका मैदानावर माराडोनाने इंग्लंडचे खेळाडू एकामागून एक मागे टाकत दुसरा गोल केला, तेव्हा उरुग्वेचे समालोचक व्हिक्टर ह्युगो मोरालेस रडत ओरडले: 'बारिलेते कोस्मिको, दे के प्लानेता बिनिस्ते?' काय घडलं ते सगळं जग पाहत होतं, त्यामुळे इथे अर्थ शब्दांतच शोधावा लागतो. बारिलेते म्हणजे स्पेनमध्ये छोटं पिंप. अर्जेंटिनात बारिलेते म्हणजे पतंग. स्पेनवाले पतंगाला 'कोमेता' म्हणतात, पण कोमेता म्हणजे धूमकेतूही, आणि पुढे अंतराळ व ग्रह आहेतच, तेव्हा माद्रिदमार्गे गेलेला अनुवादक सहज धूमकेतूवर जाऊन पोचेल. इंग्रजीत रुळलं ते 'कॉस्मिक काइट': अंतराळातला पतंग, कुठल्या ग्रहावरून आलास तू? इंग्रजीत फुटबॉलपटूला कुणी पतंग म्हणत नाही. तरी तो पतंग तसाच ठेवला गेला, आणि मला तो निर्णय पूर्ण पटतो.